स्पर्श आणि दाब : माऊसमधील बटण व चाक यांचे पुढे काय?

पेढीवरील संगणकाशेजारी ठेवलेल्या माऊसकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते तो बिघडल्यावर. एकदा बटण दाबले असता दोनदा दाबल्याची नोंद होते आणि बिलात एकच ओळ दोन वेळा उमटते. खातेउतारा खाली सरकविताना पान मध्येच वर उडी घेते. मुनीम वैतागतो, मालक नवा माऊस आणवतो आणि जुना खणात पडतो. हा बिघाड किरकोळ वाटला तरी त्याचे कारण ठरलेले आहे. माऊसमधील हलणारे भाग वापराने झिजतात.

हे हलणारे भाग काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी नुसता बोटाचा स्पर्श ओळखणारी यंत्रणा बसवावी, असा प्रयत्न मोठ्या कंपन्या गेली सुमारे वीस वर्षे करीत आहेत. हौशी तंत्रज्ञही जुने माऊस उघडून हाच उद्योग करतात. या प्रयत्नांतून काय साधले आणि कशाला अद्याप तोड मिळालेली नाही, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण हाच बदल आज मोटारीत, स्वयंपाकघरातील शेगडीत आणि दुकानातील अनेक उपकरणांत होत आहे.

लाकडी खोक्यापासून चाकापर्यंत

माऊसचा जन्म १९६४ सालचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी त्याची कल्पना मांडली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला नमुना तयार केला. तो म्हणजे एक छोटे लाकडी खोके होते. त्याच्या तळाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी. वर एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो जाहीररीत्या वापरून दाखविला. त्याच सुमारास जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीनेही फिरत्या गोळीचे असेच उपकरण बाजारात आणले होते.

पुढे बिल इंग्लिश झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गेले आणि तेथे १९७२ च्या सुमारास त्यांनी चाकांऐवजी गोळीचा माऊस बनविला. आपल्याकडे संगणक आले तेव्हा आलेला माऊस हाच. त्याची रबरी वेष्टणाची जड गोळी टेबलावरील धूळ आणि तंतू आत ओढून घेई. दर काही दिवसांनी तळाची चकती फिरवून गोळी बाहेर काढायची आणि आतल्या दांड्यांवर जमलेला मळ नखाने खरवडायचा, हा अनेक पेढ्यांचा परिपाठ होता. कापडाच्या दुकानात तर हे काम फार वेळा करावे लागे.

हलणारा भाग प्रथम गेला तो येथूनच. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर हा प्रकाशावर चालणारा माऊस आणला. त्यात गोळी नव्हती. तळाशी एक छोटा दिवा आणि टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला सुमारे १,५०० चित्रे टिपणारा संवेदक होता. एका चित्राची पुढच्याशी तुलना करून माऊस किती आणि कोठे सरकला हे ठरविले जाई. थोड्याच वर्षांत गोळीचा माऊस बाजारातून नाहीसा झाला आणि त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही. गोळी गेल्याने वापरणाऱ्याच्या हाताला काहीही गमवावे लागले नाही, हे त्याचे कारण होते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

मधल्या काळात माऊसवर एक नवा हलणारा भाग चढला होता. तो म्हणजे पान सरकविण्याचे चाक. हे चाक लोकप्रिय झाले ते मायक्रोसॉफ्टच्या १९९६ च्या इंटेलिमाऊसमुळे. त्यामागची हकिकत हिशेबनिसांना जवळची वाटेल. मायक्रोसॉफ्टमधील एरिक मिशेलमन यांनी पाहिले की एक्सेलचे मोठे तक्ते हाताळणारी माणसे सतत वरखाली, डावीउजवीकडे भटकत असतात आणि त्यात त्यांचा बराच वेळ जातो. त्या निरीक्षणातून सुरू झालेला विचार अखेर बोटाखालच्या चाकापर्यंत पोचला. म्हणजे आज प्रत्येक माऊसवर असलेले हे चाक मुळात लांबलचक तक्ते वाचणाऱ्यांच्या सोयीतून आलेले आहे.

झीज कोठे होते

आता माऊसमध्ये हलणारे मुख्य भाग उरले दोन : बटणाखालची कळ आणि चाक.

बटणाखाली एक अगदी छोटी कळ असते. तिच्यात धातूची पातळ, किंचित वाकविलेली पट्टी असते. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टी एकदम उलटते, संपर्क जुळतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. संपर्क जुळताना धातू धातूवर आपटून काही सहस्रांश सेकंद थरथरतो. ही थरथर नेहमीचीच असल्याने माऊसमधील यंत्रणा तिच्याकडे दुर्लक्ष करते. मात्र पट्टीचा ताण कमी झाला, संपर्काच्या टोकांवर काट चढली, की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. बिलात दोनदा उमटणाऱ्या ओळीचे रहस्य हे आहे.

या कळांचे आयुष्य उत्पादक दाबांच्या संख्येत सांगतात. एक कोटी दाब हे नेहमी आढळणारे प्रमाण आहे. समजा, एखादा कर्मचारी दिवसाला ५,००० वेळा बटण दाबतो आणि वर्षाचे ३०० दिवस काम करतो. म्हणजे वर्षाला १५ लाख दाब झाले. या हिशेबाने कळ साडेसहा वर्षांच्या आसपास टिकावी. धूळ, दमट हवा आणि हलक्या प्रतीचे भाग यांमुळे हा काळ पुष्कळ घटतो. यंत्रसामग्रीवर घसारा काढणाऱ्यांना हे नवे नाही.

चाकाची गोष्ट थोडी वेगळी. चाकाच्या आसाशी जोडलेला भाग फिरताना दोन विद्युत खुणा पाठवितो. त्या एकामागून एक येतात. कोणती आधी आली यावरून चाक पुढे फिरले की मागे, हे कळते. संपर्क झिजले किंवा आत तंतू अडकले, की खुणांचा क्रम चुकतो. मग पान खाली जाण्याऐवजी वर उडते.

स्पर्श कसा ओळखला जातो

स्पर्शाच्या यंत्रणेत यांतले काहीच नसते. प्लॅस्टिकच्या कवचाखाली तांब्याचा पातळ पत्रा किंवा पट्टी असते आणि तिच्यावर अल्प विद्युतभार साठविलेला असतो. मनुष्याचे शरीर विद्युतवाहक आहे. बोट जवळ आले की पट्टीची भार साठविण्याची क्षमता अत्यल्प प्रमाणात वाढते. एक छोटी चिप हा फरक सतत मोजत राहते आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ‘स्पर्श झाला’ असे कळविते. ओळीने अनेक पट्ट्या बसविल्या तर बोट कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकले हेही कळते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच अशा स्पर्शपटलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेत नव्या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षात हजारो बटणे आणि खुंट्या बसवाव्या लागणार होत्या. त्या टाळण्यासाठी बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी १९७० च्या दशकात तेथे स्पर्शपटले आणली.

या यंत्रणेचे लाभ उघड आहेत. हलणारा भाग नाही, म्हणून झीज नाही. फट नाही, म्हणून मिरचीची पूड, पीठ, कापसाचे तंतू आत जाण्यास वाव नाही. ओल्या फडक्याने पुसले की काम झाले. मर्यादाही आहेत. बोट ओले असेल, किंवा हातात जाड मोजे असतील, तर मोजणी बिघडते. शिवाय चिप सतत पहारा करीत असल्याने बिनतारी माऊसच्या बॅटरीवर थोडा अधिक भार पडतो. पण खरी अडचण याहून निराळी आहे.

ठेवलेले बोट आणि दाबलेले बोट

पूर्वी अनेक बाजारपेठांत हत्ता पद्धतीने सौदे होत. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घेत आणि बोटे दाबून भाव सांगत. शब्द नाही, कागद नाही, सगळा व्यवहार स्पर्शाचा. पण त्यातही नुसता हातात हात देणे म्हणजे भाव सांगणे नव्हते. भाव ठरे तो दाबलेल्या बोटांनी. हातात ठेवलेले बोट आणि दाबलेले बोट यांतील फरक कळला नसता, तर त्या पद्धतीने एकही सौदा पार पडला नसता.

माऊसच्या बटणावर दिवसभर हेच चालते. तर्जनी आणि मधले बोट बटणांवर विसावलेली असतात. ती तेथे असणे हा आदेश नव्हे. बटण दाबले गेले, ‘टक्’ झाले, म्हणजे आदेश. कळेतील ती वाकविलेली पट्टी या दोहोंतील भेद फुकटात सांभाळते. स्पर्शपट्टीला हा भेद कळत नाही. तिच्या लेखी बोट आले म्हणजे आदेश आला. मग बटणावर बोट विसावायचे तरी कसे? ते सतत अधांतरी धरावे लागते आणि तासाभरात मनगट व दंड भरून येतात.

म्हणूनच जुना माऊस उघडून प्रयोग करणाऱ्यांना एक विलक्षण विसंगती अनुभवास येते. विद्युतजोडणीच्या दृष्टीने बटणाच्या जागी स्पर्शपट्टी बसविणे सोपे असते. कळ काढायची, स्पर्श ओळखणारी तयार चिप जोडायची, तिचा निकाल कळेच्या टोकांना द्यायचा. चाकाच्या जागी पट्टी बसविणे मात्र कठीण. कारण बोटाच्या सरकण्यातून त्या दोन क्रमवार खुणा नव्याने घडवाव्या लागतात आणि त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. पण वापरात फळ उलट मिळते. सोपे वाटलेले स्पर्शबटण त्रासदायक ठरते आणि कष्टाने बसविलेली सरकपट्टी समाधान देते. सरकणे ही मुळातच हालचाल आहे. बोट हलल्याशिवाय ती घडत नाही, म्हणून विसावलेल्या बोटाचा गैरसमज होत नाही. दाबणे हा मात्र निर्णय आहे आणि निर्णयाला काही तरी प्रतिकार हवा असतो.

कंपन्यांनी काढलेली वाट

मोठ्या कंपन्यांच्या प्रवासातही हीच गोष्ट दिसते. ॲपलने २००५ मध्ये मायटी माऊस आणला. वरून तो एकसंध होता, स्वतंत्र बटणे दिसत नव्हती. आत मात्र दाबाची कळ ठेवलेलीच होती. डावे बोट टेकले आहे की उजवे, एवढेच कवचाखालील स्पर्शसंवेदक सांगत. त्यामुळे उजवे बटण दाबायचे तर डावे बोट उचलावे लागे आणि अनेकांना ते जमत नसे. पान सरकविण्यासाठी त्यावर एक इवलीशी गोळी होती. ती मळाने अडे आणि माऊस सहज उघडता येत नसल्याने साफ करणे कठीण जाई. एक तपशील तर फार बोलका आहे. या माऊसमध्ये एक छोटा ध्वनिवर्धक बसविला होता. गोळी फिरली की तो बारीक आवाज करी, का तर हाताला आणि कानाला काम झाल्याची खात्री पटावी.

२००९ च्या मॅजिक माऊसमध्ये ॲपलने ती गोळीही काढली आणि संपूर्ण पाठच स्पर्शक्षम केली. बोट फिरविले की पान सरकते. परंतु दाबासाठीची कळ येथेही कायम राहिली. चाक गेले, बटणाचा दाब राहिला.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये आर्क टच माऊस आणला. त्यात चाकाच्या जागी स्पर्श ओळखणारी धातूची पट्टी होती. तरीही चाकाच्या दात्यांवरून बोट फिरल्यासारखे वाटावे, म्हणून आत कंपन निर्माण करणारी योजना करावी लागली. जो खडखडाट काढून टाकला, त्याचीच नक्कल पुन्हा भरावी लागली.

दाबाचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाताळला गेला तो माऊसमध्ये नव्हे, लॅपटॉपच्या स्पर्शफलकात. मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मॅकबुकचा फलक खाली जात नाही. त्याखालील संवेदक बोटाचा जोर मोजतात. जोर पुरेसा झाला की विद्युतचुंबक फलकाला आडवा सूक्ष्म धक्का देतो आणि बोटाला वाटते की बटण खाली दाबले गेले. संगणक पूर्ण बंद असेल तर तोच फलक दगडासारखा निश्चल लागतो. येथे नुसत्या स्पर्शावर भागविलेले नाही. जोर वेगळा मोजला आणि त्याची पोचपावतीही बोटाला दिली. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर पावती दिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला नाही.

जेथे चूक महाग पडते

माऊसवरील चूक दुरुस्त करता येते. काही ठिकाणी ती सवड मिळत नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ ही अमेरिकेची युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. या नौकेचे सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण स्पर्शपटलांवर आणलेले होते. नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे देताना गोंधळ झाला. सुकाणूचा ताबा सुटला असे खलाशांना वाटले. वेग कमी करताना दोनपैकी एकाच बाजूच्या पंख्याचा वेग घटला आणि नौका वळत गेली. अपुरे प्रशिक्षण आणि थकवा हीदेखील कारणे होती. पण तपास करणाऱ्या अमेरिकी संस्थेने पटलाच्या रचनेमुळे चुकीचा संभव वाढल्याचे नमूद केले. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने या वर्गातील नौकांवर वेगनियंत्रणासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसविण्याचे ठरविले. दांडा हातात असला की तो किती पुढे आहे हे न पाहता कळते, आणि दोन दांडे शेजारी असले की त्यांतील फरकही कळतो.

मोटारींच्या बाबतीतही वारे पालटत आहे. युरोपातील मोटार-सुरक्षेचे मूल्यांकन करणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत दिशादर्शक दिवे, भोंगा, काच पुसणारे वायपर अशा मोजक्या कामांसाठी खरी बटणे किंवा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत. रस्त्यावरील नजर न काढता हाताला सापडेल अशी वस्तू हवी, हा त्यामागील विचार.

पेढीने काय निवडावे

यावरून स्पर्शयंत्रणा वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रश्न कोणत्या कामाला काय शोभते, एवढाच आहे. जेथे पाहणे, चाळणे, सरकविणे अधिक आहे, तेथे स्पर्शपट्टी उत्तम. मालाची छायाचित्रे दाखविणे, लांब खातेउतारे वाचणे, प्रवासात लॅपटॉपवर पत्रव्यवहार करणे ही कामे तिच्यावर सुखाने होतात. धुळीच्या, पिठाच्या, मसाल्याच्या जागी तर तिचा टिकाऊपणा मोलाचा ठरतो. याउलट जेथे प्रत्येक दाब म्हणजे नोंद आहे, रक्कम आहे, मंजुरी आहे, तेथे ‘टक्’ करणारे बटण किंवा कळफलकावरील एंटर हेच बरे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींची बोटे कोरडी पडलेली असतात, हात किंचित कापतो. त्यांना दाबाचा ठाम प्रतिसाद विशेष आधार देतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, दोन्ही बोटे दोन मिनिटे माऊसवर नुसती विसावू द्यावीत. त्या अवधीत पडद्यावर आपोआप काही घडले तर तो हिशेबाच्या कामाचा नाही. दुसरी, लांब तक्त्यात पन्नास ओळी खाली जाऊन नेमक्या एका ओळीवर थांबून पाहावे. तिसरी, डोळे मिटून बटण कोठे आहे ते बोटाने शोधावे. हाताला जागा सापडली नाही तर डोळ्यांना ते काम वारंवार करावे लागेल आणि तेवढी नजर बिलावरून हटेल.

दुरुस्तीचाही विचार करावा. जुन्या पद्धतीच्या माऊसमधील कळ हा स्वस्त सुटा भाग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे भाग मिळतात आणि डाखकाम जाणणारा कारागीर ती काही मिनिटांत बदलू शकतो. एकसंध, चिकटवून बंद केलेला स्पर्शमाऊस उघडणेच कठीण असते. तो बिघडला की बहुधा टाकूनच द्यावा लागतो. झीज कमी म्हणून खर्च कमी, असे गणित मांडताना ही दुसरी बाजूही खात्यात लिहावी.

बँकांत नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, अशी पद्धत असते. अनवधानाने हात लागल्यामुळे रक्कम इकडची तिकडे जाऊ नये, हा तिचा एक हेतू. घरच्या पेढीवर दुसरा माणूस प्रत्येक वेळी उपलब्ध नसतो. तेथे हिशेबाच्या प्रणालीत अंतिम नोंदीपूर्वी खात्री विचारणारी सोय चालू ठेवावी आणि ते शेवटचे ‘होय’ शक्य तो कळफलकावरूनच द्यावे.

गोळी गेली तेव्हा हाताला काही गमवावे लागले नव्हते. चाकाची जागा स्पर्शाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. बटणाची जागा घ्यायची असेल तर नव्या यंत्रणेला दोन कामे करावी लागतील : विसावलेले बोट आणि निर्णय घेतलेले बोट यांतील भेद ओळखणे, आणि निर्णय पोचल्याची पावती त्याच बोटाला त्याच क्षणी देणे. हे ज्या उपकरणाला जमते ते खुशाल घ्यावे. तोवर टेबलावरचा जुना, ‘टक्’ करणारा माऊस केवळ नवे काही आले म्हणून बदलण्याचे कारण नाही.